दूरशिक्षणातून युनानीची पदवी मिळते का? नंदुरबार जिल्ह्यातील कुटुंबांसाठी सविस्तर माहिती

निकालाचे दिवस आले की नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर आणि अक्कलकुवा भागातून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आमच्यापर्यंत येतो. कुणाच्या मुलाने हिजामाचा कोर्स केलेला असतो. कुणाच्या घरात दोन पिढ्यांची हिकमत असते, पण कागद नसतो. कुणाची मुलगी खासगी दवाखान्यात मदतनीस असते आणि तिला पुढे शिकायचं असतं. अशा घरांना कुणीतरी सांगतं की, कॉलेजला जायची गरज नाही, घरबसल्या फॉर्म भरा, दोन वर्षांत युनिव्हर्सिटीची डिग्री हातात, नावापुढे ‘डॉ.’ लावा आणि दवाखाना टाका.

हे खरं आहे का, नसेल तर खरा रस्ता कोणता, आणि वय उलटून गेलेल्या माणसाने काय करावं, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी सरळ उत्तर

नाही. युनानी, आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची अशी कोणतीही पदवी दूरशिक्षणाने मिळत नाही, जिच्या जोरावर भारतात रुग्ण तपासता येतील. पत्राने नाही, ऑनलाइन नाही आणि रविवारच्या वर्गानेही नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी यांसारखे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला मनाई आहे. २०२५ मध्ये यूजीसीने आणखी पुढचं पाऊल टाकलं. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र, आहारशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले विषयही त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून दूरशिक्षणातून बंद झाले. म्हणजे नियम सैल होण्याऐवजी घट्टच होत आहेत. ‘आता नवीन नियम आलाय, सूट मिळाली आहे’ असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

यामागचं कारणही समजून घ्यायला हवं. युनानीच्या पदवीत पहिल्याच टप्प्यात तशरीहुल बदन, म्हणजे शरीररचना शिकवतात. ती मृतदेहाच्या विच्छेदनातून शिकायची असते. पुढे मुआलाजात, जराहत आणि बाळंतपणाचं शास्त्र येतं. ते वॉर्डात, रुग्णाच्या उशाशी उभं राहून शिकायचं असतं. नाडी बघायला पुस्तक पुरत नाही, हे आपल्या जुन्या हकिमांनाही माहीत होतं. म्हणून तर ते वर्षानुवर्षं उस्तादाच्या मतबमध्ये बसत.

‘डिग्री’ कोण देऊ शकतं?

यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार फक्त संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. ट्रस्ट, सोसायटी, ‘कौन्सिल’, ‘बोर्ड’ किंवा ‘अकादमी’ या नावाने नोंदलेली संस्था पदवी देऊ शकत नाही. ‘सरकारमान्य’ या शब्दाखाली बऱ्याचदा फक्त सोसायटी नोंदणीचा क्रमांक किंवा आयएसओचं प्रमाणपत्र असतं. अशी नोंदणी पतसंस्थेचीही होते आणि क्रिकेट क्लबचीही होते. तिचा शिक्षणाच्या दर्जाशी काही संबंध नाही.

यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते. या यादीत वर्षानुवर्षं दिसणारी काही नावं आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहेत. कोलकात्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अल्टरनेटिव्ह मेडिसिन, तिथलीच इन्स्टिट्यूट ऑफ अल्टरनेटिव्ह मेडिसिन अँड रिसर्च आणि कानपूरची नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ इलेक्ट्रो कॉम्प्लेक्स होमिओपॅथी ही त्यातली तीन. महाराष्ट्रातून या यादीत नाव येत आलंय ते नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचं. नावात ‘अरेबिक’ किंवा ‘युनिव्हर्सिटी’ आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नये, यासाठी हे उदाहरण पुरेसं आहे.

पदवी मिळाली तरी काम संपत नाही. युनानी आणि आयुर्वेदासाठी राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोग कायदा २०२० लागू आहे. त्याने १९७० च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. महाराष्ट्रात बीयूएमएस आणि बीएएमएस पदवीधरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, मुंबई इथे होते. पदवी आणि नोंदणी या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय दवाखान्याची पाटी लावता येत नाही. नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर २०२० च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. राज्याच्या १९६१ च्या कायद्याचं कलम ३३ आहे ते वेगळंच.

मग जुन्या लोकांना कशी मिळाली?

एजंट हमखास हेच उदाहरण देतो. ‘तुमच्या गावातले अमुक डॉक्टर कुठे कॉलेजात गेले होते?’ यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच माणूस फसतो.

प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या ‘वैद्य विशारद’ आणि ‘आयुर्वेद रत्न’ या परीक्षा एकेकाळी कायद्याच्या अनुसूचीत होत्या, पण त्यांची मान्यता १९६७ पर्यंतचीच होती. त्यानंतर मिळवलेल्या प्रमाणपत्रांवर व्यवसाय करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. आज कुणी या नावाचा कागद विकत असेल तर तो १९६७ लाच संपलेला माल विकतोय.

दुसरं उदाहरण होमिओपॅथीचं. जुन्या पाट्यांवर ‘एलसीईएच’ किंवा ‘डीएचएमएस’ अशी अक्षरं असत. त्या पदविका होत्या. अशा पदविकाधारकांना पदवीपर्यंत नेण्यासाठी १९८३ च्या नियमांनी दोन वर्षांचा ‘ग्रेडेड’ बीएचएमएस अभ्यासक्रम आणला. पदविकेवरून पदवीवर जाण्याचा हा खराखुरा मार्ग होता. पण तोसुद्धा कॉलेज आणि रुग्णालयात हजर राहून करायचा होता. शिवाय तो आधीच नोंदणी मिळू शकणाऱ्या लोकांसाठी होता, कोऱ्या पाटीच्या माणसासाठी नव्हता.

हिजामा, अ‍ॅक्युपंक्चर आणि इलेक्ट्रोपॅथी

आपल्या समाजात हिजामाबद्दल आस्था आहे, ती सुन्नतशी जोडलेली आहे. युनानी शास्त्रात हिजामा ‘इलाज बित तदबीर’ या शाखेत येतो आणि बीयूएमएसमध्ये तो रीतसर शिकवला जातो. त्या शाखेत एम.डी.सुद्धा करता येते. पण आठवडाभराच्या शिबिराचं किंवा ऑनलाइन ‘डिप्लोमा’चं प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकीय परवाना नव्हे. हिजामात कातडीला चिरा देऊन रक्त काढतात. निर्जंतुकीकरणात चूक झाली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. मधुमेही, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला किंवा रक्त कमी असलेला माणूस ओळखता आला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट जास्तच महत्त्वाची आहे, कारण आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत आणि कुपोषणही आहे. अंगात मुळातच रक्त कमी असलेल्या माणसाचं रक्त काढणं जिवावर बेतू शकतं.

इलेक्ट्रोपॅथी किंवा इलेक्ट्रो-होमिओपॅथीच्या जाहिराती आपल्याकडे खूप दिसतात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २००३ रोजी आदेश काढला. मान्यता नसलेल्या पद्धतींमध्ये पदवी-पदविका देऊ नयेत आणि त्या घेतलेल्यांनी नावापुढे ‘डॉक्टर’ लावू नये, असा त्याचा आशय आहे. अ‍ॅक्युपंक्चरची गोष्ट वेगळी. महाराष्ट्राने त्यासाठी २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि राज्याची अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे. त्यामुळे तिथेही प्रश्न तोच: संस्था परिषदेच्या यादीत आहे का?

एक निकाल सर्वांनी लक्षात ठेवावा. ‘पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल’ या मुंबईच्या प्रकरणात होमिओपॅथीची पदविका असलेल्या व्यक्तीने रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. आपल्याला ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात इलाज करणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवलं आणि तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. तिथे निदान एक मान्य पदविका तरी होती. बनावट कागदवाल्याला तर उभं राहायलाही जागा नाही.

खरा रस्ता आपल्याच जिल्ह्यात आहे

नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला, सातपुड्याच्या कुशीतला आदिवासीबहुल जिल्हा. इथल्या लोकांना शिक्षणासाठी नेहमी सुरत, धुळे, जळगाव, नाशिककडे बघावं लागलं. पण युनानीच्या बाबतीत उलट आहे. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी अक्कलकुव्यात उभ्या केलेल्या जामिया इस्लामिया इशातुल उलूमच्या परिसरात अहमद गरीब युनानी मेडिकल कॉलेज आहे. जवळच अली अल्लाना फार्मसी कॉलेजही आहे. मे २०२५ मध्ये मौलानांचं निधन झालं. दीनी आणि आधुनिक शिक्षण एकाच आवारात चालू शकतं, हे त्यांनी या दुर्गम तालुक्यात करून दाखवलं.

त्याशिवाय खान्देश आणि आसपास जळगावचं इकरा युनानी मेडिकल कॉलेज आणि मालेगावजवळ मन्सुरा इथलं मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज आहे. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये आणि मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचंही युनानी कॉलेज आहे. राज्यातली ही कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदवीसाठी शिकवतात.

प्रवेशाची रीत अशी आहे:

१. बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण व्हायचं. खुल्या वर्गाला या विषयांत ५० टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के गुण लागतात.

२. नीट परीक्षा द्यायची. ती मराठीत आणि उर्दूतही देता येते. पात्रतेची रेषा गाठणं बंधनकारक आहे. ‘नीटशिवाय बीयूएमएस’ असं म्हणणारा खोटं बोलतोय, मग तो मॅनेजमेंट कोट्याचं नाव का घेईना.

३. राज्याच्या सीईटी कक्षाकडे नोंदणी करून कॅप फेऱ्यांमधून कॉलेज मिळवायचं.

४. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, दीड-दीड वर्षाच्या तीन टप्प्यांत. त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. एकूण साडेपाच वर्षं. पदवीचं पूर्ण नाव ‘कामिल-ए-तिब-ओ-जराहत’, म्हणजेच बीयूएमएस.

मदरशात शिकलेल्या मुलांसाठी युनानीत ‘प्री-तिब’ नावाचा पूर्वतयारीचा वर्ग आहे. आलिम-फाजिलसारखी पात्रता असणाऱ्यांना विज्ञानाचा पाया देऊन पदवीकडे नेणं हा त्याचा उद्देश. त्याच्या मोजक्याच जागा असतात, म्हणून आयोगाच्या संकेतस्थळावरची चालू वर्षाची सूचना वेळेवर बघायला हवी.

पदवीनंतर पुढे एआयएपीजीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एम.डी. किंवा एम.एस. करता येतं. उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकारी पदांच्या भरतीतही बीएएमएसबरोबर बीयूएमएसधारकांना संधी मिळाली आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काम करायला स्थानिक भाषा समजणारा डॉक्टर मिळणं ही आपल्या जिल्ह्याची जुनी गरज आहे.

दूरशिक्षण नेमकं कुठे उपयोगी पडतं?

दूरशिक्षण वाईट नाही. त्याची जागा मात्र पदवीच्या आधी आहे, वैद्यकीय पदवीच्या ऐवजी नाही.

ज्यांची बारावी राहून गेली किंवा कला शाखेतून झाली, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालय शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून विज्ञान विषय घेऊन बारावी करता येते. मान्यताप्राप्त मुक्त शाळेच्या विद्यार्थ्यांना नीट देता येते. आणि नीटला आता वयाची वरची मर्यादा राहिलेली नाही. तिशीतला माणूसही परीक्षेला बसू शकतो. दोन वर्षं एजंटच्या ‘डिग्री’त घालवण्यापेक्षा तीच दोन वर्षं इथे लावली तर निदान खऱ्या दारापर्यंत तरी पोचता येईल.

साडेपाच वर्षं घर सोडणं शक्य नसेल तर बाकीचे रस्तेही बघावेत:

जीएनएम झालेल्या परिचारिकेला दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवीधर होता येतं. हेही नियमित कॉलेजात.

डी.फार्म. झालेल्याला बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो.

अत्तारीचं, जडीबुटीचं दुकान असलेल्यांना औषधांची ओळख आणि माल विकण्याचा अनुभव असतो. त्यांनी दुकान नियमात चालवावं, पण नाडी बघून इलाज करण्याकडे वळू नये. पुढच्या पिढीला मात्र जरूर युनानीत घालावं. घरातलं ज्ञान आणि कॉलेजची पदवी एकत्र आली तर त्यासारखी ताकद नाही.

फक्त ‘पदवीधर’ होणं हवं असेल, म्हणजे नोकरीतल्या बढतीसाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, इग्नूतून किंवा उर्दू माध्यमात हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठातून बी.ए., बी.कॉम. करता येतं. त्या पदव्या खऱ्या आहेत. फक्त त्याने डॉक्टर होता येत नाही.

खर्चाचं काय?

एजंटची ‘डिग्री’ स्वस्त वाटते म्हणून लोक तिकडे वळतात. म्हणून खऱ्या शिक्षणाच्या मदतीची माहिती असायला हवी.

राज्य सरकारने २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट एक, प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. पिंजारी, मोमीन, बागवान यांसारखे अनेक मुस्लिम समाज ओबीसी यादीत आहेत. जे यादीत नाहीत त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न आणि अधिवास ही कागदपत्रं बारावीच्या वर्षातच तयार ठेवा, निकालानंतर तहसीलला रांग लागते.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची राज्य शिष्यवृत्ती आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती यांचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. जकातीच्या रकमेतून एखाद्या गरीब मुलाचं एक वर्ष उचलता येईल का, हे गावोगावच्या जमातींनी स्थानिक उलेमांना विचारून ठरवावं.

पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

पहिला: विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का? बनावट विद्यापीठांच्या यादीत तर नाही ना?

दुसरा: कोर्स दूरशिक्षणाचा असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाने त्या वर्षासाठी, त्या विषयाला परवानगी दिली आहे का? आता दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा डेब आयडी लागतो. तो मागितलाच नाही तर समजून जा.

तिसरा: कॉलेजला चालू वर्षासाठी आयोगाची परवानगी आहे का? हे अगदी नावाजलेल्या कॉलेजबाबतही दरवर्षी तपासावं.

चौथा: या पदवीवर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये नोंदणी होईल का? उत्तर एजंटकडून नाही, कौन्सिलकडून लेखी घ्या.

पाचवा: पैसे कुणाच्या खात्यात जाणार आहेत? संस्थेच्या की माणसाच्या? रोख मागतोय आणि पावती देत नाही, तर तिथेच उठा.

आधीच पैसे भरून बसला असाल तर

लाजून गप्प बसू नका. पावत्या, व्हॉट्सअ‍ॅप संदेश, बँकेचे व्यवहार आणि मिळालेलं प्रमाणपत्र जपून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. पोलिसात फसवणुकीची तक्रार द्या. सर्वात महत्त्वाचं, त्या कागदावर दवाखाना सुरू करू नका. आज तुम्ही फसवले गेलेले आहात, पाटी लावली की उद्या गुन्हेगार ठराल. तालुक्यातली बोगस डॉक्टर शोध समिती एजंटला नाही, पाटीवाल्याला पकडते.

शेवटी एक दीनी बाजू. वैद्यकीचं ज्ञान नसताना जो इलाज करतो, त्याच्या हातून झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर आहे, या अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे आणि फुकहांनी त्यावरून भरपाईचे नियम सांगितले आहेत. म्हणजे देशाचा कायदा जे सांगतो ते आपल्याला नवीन नाही. रुग्णाचं शरीर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, आणि ती सांभाळायला शिकायची जागा म्हणजे वॉर्ड. तो अक्कलकुव्यापासून मालेगावपर्यंत आपल्या मुलामुलींसाठी उघडा आहे.